जग बुडणार, मग होम लोन घ्यायचं का?

२१ मार्च २०२४. गुरुवार, सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. मी सुट्टीत नांदेडला घरी आले होते आणि पुण्याच्या सवयीप्रमाणे गाढ झोपेत होते. पलंग हलला. आईच उठवतेय असं समजून मी कूस बदलली. मग कपाटावरचा स्टीलचा डबा खाली आला आणि मी एका उडीत अंगणात! दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, जरा हलका धक्का. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. पहिल्याची तीव्रता ४.५, दुसऱ्याची ३.६. अख्खी कॉलनी नाइट ड्रेसमध्ये रस्त्यावर उभी होती. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे शेजारी एकमेकांना चहा विचारत होते.

साडेसातच्या सुमाराला मोबाइल वाजला. लातूरची माझी कॉलेजमधली मैत्रीण. आता हिंजवडीत आयटीत आहे, पगार उत्तम, झोप कमी. तिच्या फॅमिली ग्रुपवर आलेला एक लांबलचक मेसेज तिने मला फॉरवर्ड केला होता. मत्तय, अध्याय २४. त्याखाली ओळीने युक्रेन, गाझा, तुर्कस्तानचा भूकंप, कोविड आणि सगळ्यात शेवटी, अगदी ताजं ताजं, हिंगोली. त्याखाली तिचा स्वतःचा प्रश्न: शनिवारी फ्लॅटचं टोकन द्यायचंय, लोन वीस वर्षांचं आहे, काय करू? पुढे एक स्मायली.

स्मायलीवर जाऊ नका. मी तिला दहा वर्षं ओळखते. तिचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आणि मेसेज पाठवणारे होते तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे. ते म्हणाले की शेवटचे दिवस आलेत, तर हसून सोडून देता येत नाही. लग्न, मूल, घर, परदेशातली नोकरी, सगळ्याच निर्णयांवर ती एक सावली पडते. आपल्याकडे अमावस्येला कोणी गाडी घेत नाही. तिच्याकडे प्रश्न असा की गाडीचे हप्ते फिटेपर्यंत जग असणार का!

मी ठरवलं, या भानगडीच्या मुळाशी जायचंच.

यादी आणि आपला जिल्हा

आधी मूळ गोष्ट. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात येशूचे शिष्य त्याला विचारतात की शेवट जवळ आला हे ओळखायचं कसं. तो लढायांबद्दल बोलतो, लढायांच्या बातम्यांबद्दल बोलतो, राष्ट्र राष्ट्रावर उठेल म्हणतो, दुष्काळ आणि जागोजागी होणाऱ्या भूकंपांचा उल्लेख करतो. लूकच्या शुभवर्तमानात याच यादीत मऱ्यांची, म्हणजे रोगांच्या साथींची, भर आहे.

आता ही यादी हातात घेऊन लातूर-नांदेडमध्ये फिरा. दुष्काळ? १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून घरोघरी आहेत. सुकडी आणि मिलो हे शब्द नुसते काढा, गोष्टी सुरू होतात. तेवढं लांब नको असेल तर २०१६ चा एप्रिल आहेच. पिण्याचं पाणी घेऊन मिरजेहून निघालेली रेल्वे लातूरला पोचली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टँकरची सवय होती. पण पाण्याची रेल्वे बघायला लोक स्टेशनवर गेले. साथ? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नांदेडच्या गुरुद्वारात हजारो यात्रेकरू अडकून पडले आणि ते पंजाबात परतल्यावर त्यातल्या अनेकांचे कोविड रिपोर्ट पॉझिटिव्ह आले, तेव्हा आमचं गाव नॅशनल चॅनलवर रोज होतं. आणि भूकंप? लातूरच्या माणसाला हा प्रश्न विचारूच नये.

म्हणून मला वाटतं, हा अध्याय लंडनमध्ये वाचणं वेगळं आणि औसा तालुक्यात वाचणं वेगळं. तिकडे ती परदेशच्या बातम्यांची यादी आहे. इकडे घरातल्या फोटोंची.

तीन वाजून छपन्न मिनिटं

माझा जन्म किल्लारीनंतरचा. तरी आमच्या पिढीलाही ती वेळ पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, नाचून, दमून लोक घरी येऊन झोपले होते. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पण सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं पार झोपली.

माणसांना मारलं ते घरांनी. दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, दगडांच्या मधे सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा. वर लाकडी माळवद आणि त्यावर उन्हाळ्यात थंडावा राहावा म्हणून वर्षानुवर्षं टाकलेला मातीचा थर. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे घर म्हणजे एसी. त्या पहाटे तेच घर अंगावर आलं. गंमत म्हणा की क्रूर थट्टा म्हणा, गवती छपराच्या झोपडीत राहणारे बरेचसे गरीब वाचले.

आणखी एक गोष्ट मला हा लेख लिहिताना नव्याने टोचली. किल्लारीत १९९२ च्या ऑगस्टपासून जमीन हादरत होती, आवाज येत होते. लोक घाबरले होते. म्हणजे चिन्हं होती! पण दख्खनचा हा पठारी प्रदेश सगळ्यात स्थिर समजला जायचा. तेव्हाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होती. २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. चिन्ह खरं होतं, वाचणाऱ्यांची लिपी चुकली. पुढे २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज यायला लागले तेव्हा लोक घराबाहेर झोपायला लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या बाजूला मोठा आवाज झाला, भूकंपाची नोंद मात्र कुठेच नव्हती. तरी त्या दिवशी लातुरात कोणाचं कामात लक्ष लागलं नसेल. आमच्या नांदेडकडे २००६ नंतर असेच बारीक धक्के आणि गडगडाट सुरू होते. शाळेत आम्ही बेंचखाली बसायची प्रॅक्टिस करायचो आणि त्यात डबा खायचो.

मैत्रिणीचे मोठे बाबा १९९३ मध्ये तरुण सरकारी नोकर होते. पहिल्या आठवड्यात किल्लारीत ढिगारे उपसायला गेलेल्या लोकांत ते होते. घरात यावर फारसं बोलत नाहीत. पण त्यांच्या बायबलमध्ये तो चोविसावा अध्याय तेव्हापासून खुणेची पट्टी लावून ठेवलेला आहे, हे मैत्रिणीने मला सांगितलं. हे कळल्यावर तो फॉरवर्ड मला नुसता फॉरवर्ड वाटेना.

तारीख पे तारीख

भाकिताचा धंदा खरा बिघडतो तो तारखेपाशी. अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी माणूस. दानीएलच्या पुस्तकातले २३०० दिवस त्याने २३०० वर्षं धरले, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि हिशेब १८४३-४४ वर आणून टेकवला. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. काही शेतकऱ्यांनी बटाटे काढलेच नाहीत. जगच राहणार नाही तर काढून करायचं काय? २३ ऑक्टोबरला सूर्य उगवला. बटाटे शेतातच.

मग १९४८ आलं. १४ मे १९४८ ला इस्रायल देश झाला आणि भाकीत वाचणाऱ्यांना जणू घड्याळ सापडलं. (आमच्याकडे १९४८ म्हणजे सप्टेंबर, पोलीस अॅक्शन, निजामाचा शेवट. रझाकारांचे दिवस काढलेल्या आजोबांना एक जग संपलेलं प्रत्यक्ष बघायला मिळालं होतं!) पिढी चाळीस वर्षांची धरली की १९४८ अधिक ४० म्हणजे १९८८. नासात काम केलेल्या एका इंजिनिअरने याच वर्षी प्रभूचं आगमन होणार याची ८८ कारणं देणारं पुस्तक लिहिलं आणि ते धडाधड खपलं. १९८८ गेलं. हॅरल्ड कॅम्पिंग हे रेडिओवरचे उपदेशक आधी १९९४ म्हणाले, मग २१ मे २०११. त्यांच्या जाहिराती जगभर लागल्या होत्या. लोकांनी साठवलेला पैसा दिला. २२ मेलाही दूधवाला आला असणार. कॅम्पिंग यांनी पुढच्या वर्षी चूक कबूल केली, हे मात्र त्यांच्या नावावर जमा धरायला हवं. असं करणारे फार थोडे.

आपण हसायचं कारण नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत आले म्हणून देशभर यज्ञ पेटले होते. १९७९ ला स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून घरोघर काय काय झालं ते आजीला विचारा. ती पडली ऑस्ट्रेलियात. आणि २१ डिसेंबर २०१२ ला माया कॅलेंडर संपणार म्हणून आमच्या शाळेतल्या निम्म्या वर्गाने होमवर्क केला नव्हता. दुसऱ्या दिवशी छड्या खाल्ल्या.

भूकंपांचंही असंच. वाढलेत, वाढलेत असं आपण ऐकतो. वास्तविक सातपेक्षा मोठ्या तीव्रतेचे भूकंप जगात सरासरीने वर्षाला पंधराएक होतात, कधी थोडे जास्त, कधी कमी. वाढलीत ती यंत्रं आणि वाढलेत मोबाइल. १९९३ मध्ये किल्लारीची बातमी मुंबईला पोचायला काही तास गेले. हिंगोलीचे धक्के माझ्या दुबईतल्या चुलतभावाला माझ्या आईच्या आधी कळले.

गोदावरीच्या खालच्या अंगाला

आज आपण जे ऐकतो, म्हणजे विश्वासणारे अचानक वर उचलले जाणार, मग सात वर्षांचं मोठं संकट, ख्रिस्तविरोधक, शेवटची लढाई, ही सगळी क्रमवार मांडणी बायबलइतकी जुनी नाही. ती मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या माणसाने १८३० च्या दशकात ब्रिटनमध्ये बसवली. १९०९ ला आलेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांतून ती अमेरिकेत घराघरात गेली. आणि भारतात? डार्बीच्या सुरुवातीच्या मंडळींतला एक, अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज, १८३३ मध्येच भारतात आला. त्याच्या प्रेरणेने १८३६ मध्ये गोदावरीच्या मुखाशी, आंध्रात, मिशन सुरू झालं. तीच गोदावरी आमच्या नांदेडच्या घाटावरून खाली जाते. विचार मात्र नदीच्या उलट दिशेने वर आले म्हणायचे! धर्माबाद-देगलूरकडच्या पट्ट्यात मराठी आणि तेलुगू एकाच ओट्यावर बोलली जाते, आणि तेलुगूतले यूट्यूबवरचे उपदेश या बाजूच्या मोबाइलवरही वाजतात.

या मांडणीत एक सोय आहे: साचा तोच ठेवायचा आणि माणसं बदलायची. ख्रिस्तविरोधक कधी नेपोलियन होता, कधी मुसोलिनी, कपाळावरच्या डागामुळे काही दिवस बिचारे गोर्बाचेव्हसुद्धा. यहेज्केलमधला उत्तरेकडचा गोग म्हणजे रशिया, हे शीतयुद्धात ठरलं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ते पुन्हा बाहेर निघालं. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझा, २०२५ च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण. दर वेळी जुनाच नकाशा, नवे बाण. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघाताची गोष्ट तर मला आवडलीच. प्रकटीकरणात पाण्यावर पडणाऱ्या एका ताऱ्याला मराठी बायबलमध्ये 'कडूदवणा' म्हटलंय आणि चेर्नोबिल हे नावही त्याच कुळातल्या एका वनस्पतीचं आहे. जुळतंय की! पण मग आमचे जोतिबाला दवणा वाहणारे लोक कुठे बसवायचे?

६६६ चंही तसंच. त्या खुणेशिवाय कोणाला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असं प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात येतं. आधी बारकोडवर संशय होता, मग मिझोराममधल्या काही ख्रिस्ती गटांनी याच भीतीने आधार कार्ड नाकारलं, कोविडमध्ये लशीत चिप असल्याची अफवा आली. आता चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे, त्यामुळे पुढचा नंबर कोणाचा ते सांगायला संदेष्टा नको. बहुतेक अभ्यासक हा आकडा मागे नेऊन रोमन बादशहा नीरोपाशी लावतात. हिब्रू अक्षरांना संख्येची किंमत असते आणि 'नीरो कैसर'ची बेरीज ६६६ होते. नावाचं लॅटिन रूप घेतलं की ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे! म्हणजे ते पुस्तक आधी त्याच्या काळातल्या छळ सोसणाऱ्या माणसांसाठी, त्यांना कळेल अशा खुणेच्या भाषेत लिहिलेलं होतं. त्यांना २०२४ चा बातमीपत्रक नको होता. त्यांना हवा होता दम.

वळवाचा पाऊस

महाराष्ट्रात शेवटच्या दिवसांची ओढ एकदा फार जोरात येऊन गेली आहे. तीही पंडिता रमाबाईंच्या केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होत्या; पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला. मुक्ती मिशनमध्ये माणसं दीड-दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ च्या जूनमध्ये तिथल्या मुलींमध्ये प्रार्थनेची अशी लाट उठली की तिची बातमी जगभर गेली आणि पुढच्या पेंटेकॉस्टल चळवळीने तिच्याकडे शेवटच्या आगमनापूर्वीचं चिन्ह म्हणून बघितलं. त्यांचा आवडता शब्द मराठी बायबलमध्ये फार सुंदर आहे: आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस. प्रेषितांच्या काळात आगोटीचा पडला, आता कापणीआधी वळवाचा.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वळीव पडला म्हणून घरात बसायचं नसतं हेही नाही. मुक्तीतल्या मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या आणि दिवसा विहिरी, विणकाम, शेती, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोपं मराठी बायबल केलं. वर्षानुवर्षांचं काम. १९२२ ला त्या गेल्या, बायबल बाहेर पडलं १९२४ ला. जग उद्या संपणार असं पक्कं वाटणाऱ्या बाईने प्रुफं तपासली असती का, हा प्रश्न मला मैत्रिणीला विचारायचा होता. विचारला. ती म्हणाली, अगं पण रमाबाईंना ईएमआय नव्हता.

लातूर, रविवार

टोकन पुढे ढकलून ती लातूरला आली आणि मीही नांदेडहून बसने गेले. रविवारची उपासना आटोपून घरी जेवण होतं. तुरीच्या डाळीचं वरण, भात, मटण आणि ज्वारीच्या भाकरी. मोठे बाबा पांढऱ्या शर्टात, बारीक आवाजाचे. मी पत्रकार म्हटल्यावर आधी सावध झाले.

मी सगळा गृहपाठ मांडला. मिलर, १९८८, कॅम्पिंग. त्यांना सगळं माहीत होतं! तारखा सांगणाऱ्यांवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त राग निघाला. उठून बायबल आणलं, पट्टी लावलेलं पान काढलं आणि मला दाखवलं की त्याच अध्यायात, त्याच यादीच्या पोटात, एवढ्यात शेवट नाही असंही आहे. लढाया-भूकंपांना प्रसूतीच्या कळांचा आरंभ म्हटलंय. आणि पुढे तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालासुद्धा नाही. मग थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात मला नेलं. शेवट आला म्हणून काम सोडून बसलेल्या लोकांना पौलाने जेवण बंद करण्याची तंबी दिली, असं ते म्हणाले. काम करत नसेल त्याने खाऊही नये, हा त्याचा अर्थ. हे सांगताना त्यांनी पुतणीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मग तो मेसेज का पाठवला, मी विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. किल्लारीत तिसऱ्या दिवशी एका घरासमोर ते उभे होते, त्या घरातल्या कोणालाच वाचवता आलं नव्हतं. तेव्हापासून जमीन हलली की त्यांना सगळ्यांना काहीतरी सांगावंसं वाटतं. काय सांगायचं ते नेमकं सापडत नाही, मग ते तो अध्याय पाठवतात. एवढंच बोलले. जेवणं झाली.

मैत्रिणीने हिय्या करून फ्लॅटचा विषय काढला. सातवा मजला, दोन बेडरूम, पझेशन दोन वर्षांनी. आता नकार येणार म्हणून आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलवरचं ब्रोशर नको म्हणाले, प्लॅनचा कागद मागितला. तो जवळ नव्हता. मग त्यांनी जुन्या डायरीचं पान फाडलं आणि बिल्डरला विचारायचे प्रश्न एकेक करून लिहायला लागले. जमिनीची तपासणी झाली का. स्ट्रक्चरल डिझाइन कोणत्या झोनचं धरून केलंय. खाली पार्किंग असेल तर त्या मजल्याचे कॉलम किती जाडीचे. कॉलममधल्या रिंगा किती अंतरावर, आणि त्यांचे हूक नीट आत वळवलेत की नुसतेच अडकवलेत.

हे लिहून देतो म्हणाला तरच टोकन दे, ते म्हणाले, आणि स्लॅब पडायच्या आधी मला एकदा साइटवर ने.